मत्तय 18, हकत्यागपत्र आणि आमचं घर

वडील गेल्यावर घराच्या कागदांवरून भावाबहिणींचं बोलणं बंद झालंय, अशी दोनचार घरं आपल्या ख्रिस्ती मंडळीत प्रत्येकाला ठाऊक असतात. रविवारी एकाच चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसायचं, प्रभुभोजनाला एकाच रांगेत उभं राहायचं आणि बाहेर पडल्यावर नजर चुकवून गाडी काढायची. आमचंही तसंच व्हायच्या बेतात होतं. बाबा ऑगस्ट 2024 मध्ये गेले, घराचं नामांतरण, म्हणजे घरावर वारसांची नावं चढवणं, ऑगस्ट 2025 मध्ये झालं. या वर्षभरात कचेऱ्यांचं जेवढं काम झालं त्याहून जास्त काम माझ्या स्वभावावर झालं, आणि ते मी केलं असं म्हणवत नाही. ज्यांच्या घरी हे आत्ता सुरू होतंय, त्यांच्यासाठी लिहितेय.

बाबा अहमदनगरचे. शिक्षकाच्या नोकरीसाठी इंदूरला आले आणि इथलेच झाले. इंदुरात मराठी माणसाला परकं वाटत नाही आणि ख्रिस्ती माणसालाही नाही. मिशनच्या शाळा, दवाखाने इथे जुनेच, इंदूर ख्रिश्चन कॉलेज तर 1887 पासूनचं. चर्चमधली उपासना हिंदीत आणि घरची प्रार्थना मराठीत, असं आमचं लहानपण गेलं. घराचा खालचा मजला बाबांनी बांधला, वरचा दादाने 2012 मध्ये कर्ज काढून चढवला. आई खाली राहते, दादा-वहिनी वर. मी लग्नानंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला, भाड्याच्या घरात.

पहिले दोन महिने कुणीच कागदांचं बोललं नाही. मृत्यूचा दाखला तेवढा काढला. 21 दिवसांच्या आत नोंद झाली की त्याला शुल्क पडत नाही, आणि दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर माहिती तिथूनच नगर निगमकडे, म्हणजे महापालिकेकडे जाते. पण दवाखान्याचा फॉर्म भरताना घरचं कुणीतरी शुद्धीवर असलेलं माणूस बाबांचं नाव नीट सांगायला उभं ठेवा. आमच्याकडे त्या क्षणी कुणीच तसं नव्हतं. ते पुढे येईलच.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी जेवणं झाल्यावर दादाने पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला. हकत्यागपत्र. "छोटी, सही कर इथे. पुढचं सगळं मी बघतो." कागदात माझ्या नावाखाली आईचंही नाव होतं. आम्ही दोघी घरावरचा आपापला हक्क सोडतोय आणि दादा एकटा मालक होतोय, असा मजकूर. आईने चष्मा शोधायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, "आज नको," आणि कागद पर्समध्ये घातला. त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या हिश्श्यापेक्षा आईचं नाव तिथे बघून मी हादरले होते. बेचाळीस वर्षं त्या स्वयंपाकघरात उभी राहिलेली बाई, आणि तिने लिहून द्यायचं की माझा काही संबंध नाही.

नोव्हेंबरमध्ये एका वकीलबाईंना भेटले. सल्ल्याचे 2000 रुपये, आणि ते फार सत्कारणी लागले. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. मृत्युपत्र न करता गेलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 लागू होतो. विधवेला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे. मुलगा-मुलगी भेद नाही. आमच्या घरी दोन मुलं, म्हणजे आई, दादा, मी, तिघांनाही एकेक तृतीयांश. केरळच्या मेरी रॉय याच हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि 1986 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला, तोपर्यंत तिथल्या सिरियन ख्रिस्ती मुलींना वडिलांच्या मालमत्तेत नाममात्र काहीतरी मिळायचं. वकीलबाईंनी आणखी एक सांगितलं: स्थावर मालमत्तेचं हकत्यागपत्र रजिस्टर झाल्याशिवाय चालत नाही, नुसत्या स्टॅम्पवरच्या सहीला अर्थ नाही. म्हणजे घाबरून जाण्यासारखं काही नव्हतं. पण मला राग आला होता, भीती नव्हे, आणि कायदा आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर तो राग आणखी ताठ झाला.

मंडळीतल्या दोनतीन वडीलधाऱ्या बायकांपाशी मन मोकळं केलं. त्यांनी प्रेमानेच सांगितलं, "सोडून दे गं. कोणी अंगरखा मागितला तर वरचं वस्त्रही देऊन टाक, असं प्रभूने सांगितलंय ना." मला ते पटेना आणि पटत नाही म्हणून अपराधीही वाटेना, उलट आतून काहीतरी म्हणत होतं की हे अर्धंच आहे. माझं वस्त्र मी देईन, आईचं देणारी मी कोण? बायबलमध्ये गणना 27 मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचं वतन मागतात आणि देव म्हणतो, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. विधवांची घरं गिळणाऱ्यांबद्दल प्रभूने जे शब्द वापरले, ते मवाळ नाहीत. पण लूक 12 मध्ये एक माणूस "माझ्या भावाला सांग, मला वतनाचा वाटा दे" म्हणत येतो, तेव्हा येशू त्याचा न्यायाधीश व्हायचं नाकारतो आणि लोभापासून सांभाळा म्हणतो. ही सगळी वचनं घेऊन मी आमच्या पाळकसाहेबांकडे गेले. डिसेंबर होता, नाताळच्या गडबडीतही त्यांनी वेळ दिला.

त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "दादाशी बोललात का?"

"फोनवर बोलणं होतं ना साहेब, वादच होतो."

"तसं नाही. मत्तय 18 काढा."

तिथे पद्धत दिलेली आहे, इतकी स्पष्ट की आपण तिला पद्धत म्हणून वाचतच नाही. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जायचं, दोघेच असताना त्याला दाखवायचं. नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत घ्यायचं. तरी नाही ऐकलं, मग मंडळीला सांगायचं. पाळकसाहेब म्हणाले, "आपण उलट्या टोकापासून सुरू करतो. आधी मंडळीला सांगतो, मग नातेवाइकांना, भावाला शेवटी वकिलाच्या नोटिशीतून कळतं." आणि त्यांनी दाखवलं की सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर, हे पेत्राला दिलेलं उत्तर त्याच अध्यायात, लगेच पुढे आहे. जाऊन बोलायचंही आहे आणि क्षमाही करायची आहे. एकाने दुसरं रद्द होत नाही.

पण त्यांनी लगेच जायला मनाई केली. "लेंटपर्यंत, ईस्टरआधीच्या उपवासकाळापर्यंत, थांबा. आधी दादासाठी रोज प्रार्थना करा, नाव घेऊन."

हे मला सर्वांत जड गेलं. 2025 चा राखेचा बुधवार, जिथून लेंट सुरू होतो, 5 मार्चला होता, पण प्रार्थना मी जानेवारीतच सुरू केली. सुरुवातीला ती प्रार्थना म्हणजे देवाकडे दिलेली तक्रारच असायची: त्याला बुद्धी दे, त्याचे डोळे उघड. पाळकीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ठीक आहे, पण त्याच्यासाठी एखादी अशी गोष्ट माग, जी मिळाली तर तुला काहीच फायदा नाही." मग मी दादाचा गुडघा घेतला. दोन वर्षं दुखतोय, जिना चढताना कठड्याला धरतो. रोज सकाळी डबा भरून झाल्यावर, गॅस बंद करून, ओट्यापाशीच उभी राहून त्या गुडघ्यासाठी प्रार्थना. काही दिवसांनी मी आईला फोनवर विचारलं, "दादाचा गुडघा कसा आहे?" आई क्षणभर गप्पच झाली.

पाळकीणबाईंनी दोन नियमही घालून दिले होते. दादाच्या मेसेजला रात्री नऊनंतर उत्तर द्यायचं नाही. आणि या विषयावर ज्याच्याशी बोलल्याने काही सुटणार नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. दुसऱ्या नियमाने माझे निम्मे फोन बंद झाले. याकोबाच्या पत्रात जिभेबद्दल जे लिहिलंय, लहानशी ठिणगी केवढं रान पेटवते, ते मी शाळेपासून पाठ म्हणत आलेय. पण मावशीचा फोन वाजत असताना तो न उचलता डाळ घोटत राहायचं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. पुस्तकातलं शील आणि अंगातलं शील यांच्यात एवढंच अंतर असतं, एक न उचललेला फोन. तुम्ही काही एकच करणार असाल तर हा दुसरा नियम पाळा. वकिलापेक्षाही आधी.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी दादाकडे गेले. एकटी. नवरा म्हणाला, "मी खाली आईपाशी बसतो," त्यालाही नको म्हटलं. वाक्यं घरून ठरवून नेली होती. "दादा, माझ्या वाट्याचं आज काहीच बोलत नाही. आईचं नाव घरावर राहिलं पाहिजे, एवढंच म्हणायला आलेय."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुझा."

"मी तसं म्हणत नाहीये."

"तेच म्हणतेयस." मग तो उठला, नळाला नर्मदेचं पाणी यायची वेळ झाली होती, मोटर लावायला गेला, आणि बराच वेळ वर आला नाही. वहिनीने चहा दिला. मी तो पिऊन निघाले. आवाज चढला नाही, एवढंच त्या संध्याकाळचं फळ. गाडी चालवताना रडले.

त्यानंतरचे तीन आठवडे नुसती वाट पाहण्यात गेले. त्याच काळात एका शुक्रवारच्या घरगुती प्रार्थनेत राणी मारिया यांचा विषय निघाला. इंदूरच्या ख्रिस्ती माणसाला ही गोष्ट सांगायला लागत नाही, बाकीच्यांसाठी थोडक्यात: केरळहून आलेल्या या कॅथलिक सिस्टर उदयनगर भागात गरीब शेतमजुरांमध्ये काम करत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. मारेकऱ्याला, समंदर सिंहला, जन्मठेप झाली. 2002 मध्ये राणी मारियांची सख्खी बहीण, त्याही सिस्टर, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली. पुढे त्याची सुटका व्हावी म्हणून कुटुंबानेच शब्द टाकला, 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरात राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. आम्ही कॅथलिक नाही, तरी आई-बाबा त्या सोहळ्याला गेले होते.

ही गोष्ट मी कितीतरी वेळा ऐकली होती आणि दर वेळी खाली मान घालून घरी आले होते, की एवढी क्षमा आपल्याच्याने होणार नाही. या वेळी मला त्यातली वर्षं दिसली. 1995 ते 2002. सात वर्षं. आणि त्या सात वर्षांत खटला चालला, शिक्षा झाली, कुणी ती थांबवली नाही. कायद्याचं काम कायद्याने केलं आणि क्षमेचं काम त्या घराने केलं. माझ्या जिवाला त्याने फार धीर आला.

दुसरी पायरी 6 एप्रिलला, रविवारी दुपारी, आईच्या खोलीत. सोबत आत्या आणि मंडळीतले एक वडील, बँकेतून निवृत्त झालेले. पाळकसाहेब मुद्दाम आले नाहीत. "तिसरी पायरी मी आहे, मला शिल्लक ठेवा," म्हणाले. साक्षीदार निवडताना हे लक्षात ठेवा, की दोघांपैकी निदान एकाचं ऐकून घ्यायची तुमच्या भावाला सवय असली पाहिजे. आत्याने दादाला लहानपणी खांद्यावर खेळवलंय. तिच्यासमोर तो आवाज चढवत नाही.

आधी अर्धा तास वाईट गेला. मग दादा वर गेला आणि औषधाच्या दुकानाची एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. आत बाबांच्या शेवटच्या आजारपणाची बिलं, तारखेप्रमाणे लावून, रबर बँड घालून; रबर उन्हाने चिकट होऊन वरच्या कागदाला चिकटलं होतं, आत्याने ते नखाने सोडवलं. एकूण 4,60,000 रुपये. दादाने तेव्हा कर्ज काढून भरले होते, त्यातले 2 लाख वहिनीच्या बांगड्या गहाण ठेवून. बाबांच्या मुदत ठेवीचा नॉमिनी तो होता. त्या 3,10,000 मधून कर्ज फेडलं, दीड लाख अजून डोक्यावर. त्याने हे कधी कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही, आईलाही नाही.

"घर माझ्या नावावर झालं असतं तर त्यावर कर्ज घेऊन सगळं एकदाचं मिटवलं असतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "मी आईला बाहेर काढीन असं वाटलं तुला?"

"मला नाही वाटलं दादा. कागद तसं म्हणत होता."

बँकेतल्या काकांनी शांतपणे समजावलं की नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालकी वारसांचीच. पण पैसे बाबांच्याच आजारपणात गेलेत, तेव्हा हिशेब लिहून तो विषय बंद करा. मग वहीच्या कागदावर लिहिलं: घर तिघांच्या नावे चढवायचं. दीड लाखातले 75 हजार मी द्यायचे, महिन्याला पाच हजारांप्रमाणे. वरच्या मजल्याचा खर्च दादाचा, याची नोंद ठेवायची. घर विकायचा विषय आईच्या हयातीत काढायचा नाही. चौघांच्या सह्या, आईची पहिली. अशा घरगुती लिखाणाने वाटणी होत नाही, त्यासाठी रजिस्टर केलेला दस्तच लागतो. पण कोण काय बोललं, यावरून पुढे वाद नको म्हणून ते हवंच. आत्याने प्रार्थना केली. वहिनी दारात उभी होती, तिला आत्याने हाताला धरून आत बसवलं.

75 हजारांचा आकडा मीच सांगितला, हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय, पण पैशाचा तपशील गाळला तर तुम्हाला उपयोग नाही.

ईस्टर 20 एप्रिलला झाला, आणि त्या महिनाअखेरीस आम्ही दोघं निगमच्या झोन ऑफिसला नामांतरणाचा अर्ज द्यायला गेलो. मृत्यूचा दाखला, मूळ रजिस्ट्रीची प्रत, संपत्तिकराची चालू वर्षाची पावती, तिघांची आधार कार्डं, वारसांचं शपथपत्र. संपत्तिकर थकलेला असेल तर आधी तो भरा, फाइल पुढे सरकत नाही. शपथपत्र टाइप करून देणाऱ्याकडे छापील नमुना असतो, त्यात "हिंदू उत्तराधिकार अधिनियम" आधीच लिहिलेलं असतं. आम्ही ते वाचलं म्हणून बरं. तिथे भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 असं बदलून घ्या. टायपिंग आणि नोटरी मिळून 450 रुपये गेले.

अडचण आली नावाची. रजिस्ट्रीत बाबांचं बाप्तिस्म्याचं नाव आहे, आधारवर घरचं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर दोन्हींची खिचडी. ख्रिस्ती घरांत हे सर्रास असतं. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं वेगळं शपथपत्र, आणि त्याला जोड म्हणून अहमदनगरच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरचा उतारा. तो उतारा यायला मे महिना संपला. तिथल्या पाळकांनी जुनी वही काढून, हाताने लिहून, शिक्का मारून टपालाने पाठवला आणि पैसे घेतले नाहीत. तुमच्या आईवडिलांच्या बाप्तिस्म्याचा, लग्नाचा उतारा ते हयात असतानाच काढून ठेवा.

जूनमध्ये वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली, 1800 रुपये. हरकतींसाठी महिनाभर थांबणं आलं. मग फाइल कुठल्या टेबलावर आहे तेच कळेना. एका दुपारी दादाचा पारा चढला, तो खिडकीपाशी जोरात बोलायला लागला, मी त्याच्या दंडाला हात लावला आणि म्हटलं, "दादा, तू बस, गुडघा दुखेल. मी उभी राहते." तो खरंच जाऊन बसला. खिडकीतल्या बाईंनाही त्या दिवशी सकाळपासून उसंत नव्हती, हे त्यांच्या न उघडलेल्या डब्यावरून दिसत होतं. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही जेवून घ्या, आम्ही थांबतो." फाइल त्या दिवशी सापडली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः शोधून ठेवली होती. पूर्वीची मी त्या खिडकीपाशी दादापेक्षा मोठ्याने बोलले असते. ते माझ्यात कधी बदललं, तारीख सांगता येणार नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात नामांतरण झालं. पहिलं नाव आईचं. नामांतरण म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, निगमची कराची नोंद, हे विसरू नका. मूळ रजिस्ट्री जपून ठेवा.

सगळं गोड झालंय असं नाही. वहिनी माझ्याशी अजून जपून बोलते, आणि तिच्या बांगड्या सुटेपर्यंत मी तिच्याकडून जास्त अपेक्षा करणंही बरोबर नाही. महिन्याच्या पाच तारखेला पाच हजार पाठवताना कधीकधी मनात जुनं काहीतरी हलतं. तेव्हा मी पुन्हा गुडघ्यापासून सुरुवात करते.

आता बाबांच्या लॉकरचं काम राहिलंय. पुढच्या मंगळवारी बँकेत जायचंय, दादा आणि मी. आईच्या सहीचं पत्र, मृत्यूचा दाखला आणि नावांचं ते शपथपत्र घ्यायचंय; दाखल्याच्या दोन प्रती जास्तीच्या घे म्हणून त्याने काल रात्री साडेनऊला मेसेज केला, मी सकाळी उत्तर दिलं.